छात्राध्यापकाचे व्यावसायिक ध्येय : आखणी आणि आत्मपरीक्षण

घोटी (प्रतिनिधी) : शिक्षणशास्त्र महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ‘आपले व्यावसायिक ध्येय काय?’ असे विचारले, तर ‘मला आदर्श शिक्षक व्हायचे आहे’ हे उत्तर हमखास मिळते. उत्तर मनापासूनचे असले तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही. आदर्श म्हणजे काय, तो कोणत्या वर्गात व किती दिवसांत गाठायचा आणि गाठला हे कशावरून ओळखायचे, यांपैकी कशाचाच त्यात उल्लेख नसतो. एडविन लॉक व गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली आपला ध्येयनिश्चितीचा सिद्धांत विस्ताराने मांडला. ‘जमेल तितके चांगले करा’ या सूचनेपेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट समोर असेल तर माणसाच्या हातून अधिक काम होते, हा त्याचा गाभा होय.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी २० आठवडे राखून ठेवण्यात आले. त्यापूर्वी ठरावीक संख्येचे सराव पाठ घेतले की छात्राध्यापक मोकळा होत असे. आता पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे तो शाळेत असतो. परिपाठापासून परीक्षेपर्यंत शाळेचे सारे व्यवहार त्याला जवळून पाहता येतात. ध्येय ठरविण्याची आणि ते तपासून पाहण्याची खरी संधी या काळात, म्हणजेच छात्रसेवाकालात असते.

ही संधी घोटीसारख्या ठिकाणी कशी दिसते, ते पाहण्यासारखे आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील, नाशिकपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावरचे हे इगतपुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव भाताच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. परिसरात पाऊस दांडगा, पीक मुख्यत्वे भाताचे. आसपासच्या पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती आहे. शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात आणि जुलैमध्ये आवणीला, म्हणजे भातलावणीला, हात कमी पडू लागतात. वर्गातली काही बाके तेव्हा रिकामी होतात.

कल्पना करू की एका छात्राध्यापिकेला अशा शाळेत सातवीचे गणित मिळाले आहे. पहिल्या आठवड्यात ती वहीत लिहिते, ‘वर्गातील सर्वांना शेकडेवारी यावी.’ मार्गदर्शक प्राध्यापक ते ध्येय परत करतात. दुसऱ्या खेपेस ती लिहिते, ‘येत्या दहा तासिकांत, आज तोंडच न उघडणाऱ्या सहा विद्यार्थ्यांपैकी निदान चौघे शेकडेवारीचे एक उदाहरण फळ्यावर सोडवून त्याची रीत सांगतील.’ यात मुदत, संख्या आणि पुरावा तिन्ही आहेत. पाठ टाचणात ती दुकानातील सवलतीऐवजी गिरणीचे उदाहरण घेते. एक क्विंटल भात भरडल्यावर ६५ किलो तांदूळ निघाला तर उतारा किती टक्के? हा प्रश्न त्या मुलांच्या घरात रोजचा असल्याने दोन मुले बोलू लागतात.

येथवर सारे सरळ असते. गुंता पुढे आहे. आठव्या तासिकेनंतर हजेरीपट पाहताना तिच्या लक्षात येते, की त्या सहांपैकी दोघी सलग नऊ दिवस आलेल्याच नाहीत. त्या गप्प बसत नव्हत्या, त्या आवणीला गेल्या होत्या. म्हणजे ध्येय नेमके होते, परंतु ते चुकीच्या समजुतीवर उभे होते. आता ‘बोलते करणे’ बाजूला ठेवून ‘परतलेल्या मुलीला मागे राहिल्याची लाज न वाटता वर्गात सामील करून घेणे’ हे नवे ध्येय ठरते. त्यासाठी पहिली दहा मिनिटे मागील भागाची ठेवणे, जोडीला एक विद्यार्थी देणे, पालकांची भेट घेणे असे उपाय सुचतात.

याच फेरविचाराला शिक्षणशास्त्रात चिंतन म्हणतात. जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये चिंतनशील विचाराची मीमांसा केली. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये ‘चिंतनशील व्यावसायिका’ची कल्पना मांडताना दोन प्रकार वेगळे केले : काम चालू असतानाचे चिंतन आणि काम झाल्यानंतरचे चिंतन. वर्गात मुलांचे चेहरे पाहून उदाहरण बदलणे हा पहिला प्रकार, तर संध्याकाळी हजेरीपट समोर ठेवून ध्येय बदलणे हा दुसरा. भारतातही २००९ च्या अध्यापक शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चिंतनशील शिक्षक घडविण्यावर भर दिला आहे.

प्रत्यक्षात मात्र या चिंतनाची फाइल होते. वरच्या वर्गातल्या मित्राची फाइल आणायची, ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, वेळेचे नियोजन सुधारावे लागेल’ ही वाक्ये उतरवायची आणि गुण पदरात पाडून घ्यायचे, हा प्रकार सर्रास चालतो. याला छात्राध्यापक एकटा जबाबदार नाही. फसलेल्या पाठाची प्रामाणिक नोंद केल्यास गुण कापले जाणार असतील, तर प्रामाणिक नोंद कोण करील? पाठाचे गुण आणि चिंतनाचे गुण वेगळे ठेवणे, फसलेल्या पाठाच्या चांगल्या मीमांसेला पूर्ण गुण देणे, एवढा बदल महाविद्यालयांनी केला तरी बरेच साधेल, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

चांगली नोंद लांबलचक लागत नाही. काय घडले, ते कशावरून कळले, आपला कोणता अंदाज चुकला आणि उद्या काय बदलणार, एवढे त्याच दिवशी लिहिलेले पाच-सहा ओळींत मावते. ‘मुलांना समजले नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘अकरा मुलांनी ६५ ला १०० ने गुणले’ असे लिहिले की पुढचा पाठ आपोआप सुचू लागतो. महाराष्ट्रात अशा लेखनाची परंपरा आहे. बी.एड.च्या प्राध्यापिका राहिलेल्या लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. ‘शिक्षण घेता-घेता’ आणि ‘शिक्षण देता-देता’ ही त्यांची पुस्तके छात्राध्यापकांनी जरूर वाचावीत. आवणीच्या प्रश्नाशी तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम थेट जोडता येते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडला गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळाच मुलांकडे नेली.

नोकरीचा प्रश्न टाळून व्यावसायिक ध्येयाची चर्चा करता येणार नाही. राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा प्रथम १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ती अनिवार्य आहे. २०१७ पासून भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही द्यावी लागते. निवड झाल्यानंतर प्रारंभी शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये १६ हजार झाले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. त्यामुळे अनेक छात्राध्यापकांच्या वहीत ‘परीक्षा उत्तीर्ण होणे’ हेच पहिले ध्येय असते, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ते आणि वर्गातील ध्येय वेगवेगळ्या पानांवर असावे. एकाची तारीख शासन ठरवते, दुसऱ्याची स्वतःला ठरवावी लागते.

छात्रसेवाकालाच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवातीची ध्येये पुन्हा काढून वाचावीत. कोणती गाठली यापेक्षा कोणती बदलली आणि का, यावर मार्गदर्शक प्राध्यापकांशी तासभर बोलून घ्यावे. वर्गाच्या मूळ शिक्षकांनाही त्या चर्चेला बोलावता आले तर उत्तम, कारण आवणीहून परतणाऱ्या मुली पुढच्या आठवड्यात त्यांच्याच वर्गात बसणार असतात.