एक कोटी एकतीस लाख डॉलर्सचे शिंगरू : केंटकीच्या घोडेबाजारातील तेजी आणि मंदी

१/
जुलै १९८५. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराजवळ कीनलँड येथे शर्यतीच्या घोड्यांचा वार्षिक लिलाव भरला होता. मंचावर आणलेल्या शिंगराच्या पाठीवर अद्याप कोणी स्वार बसला नव्हता आणि शर्यतीचे मैदान त्याने पाहिलेही नव्हते. हातोडा पडला तेव्हा त्याची किंमत ठरली होती १ कोटी ३१ लाख डॉलर्स. जाहीर लिलावात एक वर्षाच्या शिंगरासाठी इतकी रक्कम त्यापूर्वी कोणी दिली नव्हती, त्यानंतरही दिलेली नाही.

२/
या शिंगराचे नाव पुढे सिॲटल डान्सर ठेवण्यात आले. त्याची आई माय चार्मर हिने याआधी सिॲटल स्लू या घोड्याला जन्म दिला होता. सिॲटल स्लूने १९७७ साली अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. गंमत अशी, की तोच सिॲटल स्लू १९७५ च्या लिलावात अवघ्या १७,५०० डॉलर्सना विकला गेला होता. एकाच आईची दोन मुले आणि मध्ये दहा वर्षांचे अंतर. किमतीत मात्र सुमारे साडेसातशे पटींचा फरक. तो का पडला, आणि पुढे या बाजाराचे काय झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
प्रथम बाजाराची रीत पाहू. थरोब्रेड जातीच्या सर्व घोड्यांचे वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून मोजले जाते. पहिले वर्ष ओलांडलेली शिंगरे उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत लिलावात येतात. ती धावतील की नाही, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. ग्राहक पाहतो तो पायांची ठेवण, चाल आणि मुख्यतः वंशावळ. ‘बाजारात तुरी’ ही म्हण जणू या व्यवहारासाठीच घडली असावी.

४/
मग एवढा पैसा कशासाठी? शर्यतीतील बक्षिसासाठी नव्हे. खरी कमाई पैदाशीत होती. मोठी शर्यत जिंकलेला घोडा निवृत्त झाला, की त्याची मालकी साधारण ४० भागांत विकली जाई. प्रत्येक भागधारकाला दरवर्षी एक घोडी त्याच्याकडून फळवण्याचा हक्क मिळे आणि तो हक्कही बाजारात विकता येई. केंटकीतील स्पेंडथ्रिफ्ट फार्मचे लेस्ली कोम्ब्स यांनी ही पद्धत रूढ केली. १९५५ मध्ये त्यांनी नॅशुआ हा घोडा १२ लाख ५१ हजार २०० डॉलर्सना घेऊन त्याचे भाग पाडले होते.

५/
तेजीच्या केंद्रस्थानी एक बुटका कॅनेडियन घोडा होता, नॉर्दर्न डान्सर. शिंगरू असताना २५ हजार डॉलर्सनाही त्याला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. १९६४ मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली. त्याच्या संततीने युरोपची मैदाने गाजवली, तेव्हा त्याच्या रक्ताला सोन्याचा भाव आला. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्याच्याकडून एक घोडी फळवण्याचे शुल्क ५ लाख डॉलर्सपर्यंत पोहोचले, आणि तेही गर्भ राहील या हमीशिवाय.

६/
हे गणित सर्वप्रथम ओळखले ते इंग्लंडमधील रॉबर्ट सँगस्टर, आयर्लंडमधील प्रशिक्षक व्हिन्सेंट ओब्रायन आणि त्यांचे जावई जॉन मॅग्निअर यांनी. १९७५ मध्ये त्यांनी कीनलँडला नॉर्दर्न डान्सरचे एक शिंगरू २ लाख डॉलर्सना घेतले. ‘द मिन्स्ट्रेल’ या नावाने त्याने १९७७ ची एप्सम डर्बी जिंकली आणि त्याच वर्षी त्याचे मूल्य ९० लाख डॉलर्स ठरले. दोन वर्षांत पंचेचाळीस पट! हे पाहून इतरांनाही त्याच वाटेने जावेसे वाटले, यात नवल नाही.

७/
त्यानंतर दुबईचे राजघराणे बाजारात उतरले. तेलाच्या पैशाला मर्यादा नव्हती आणि सँगस्टर मागे हटायला तयार नव्हते. १९८३ मध्ये शेख मोहम्मद यांनी नॉर्दर्न डान्सरचे एक शिंगरू १ कोटी २ लाख डॉलर्सना घेतले. त्याचे नाव स्नाफी डान्सर. तो एकाही शर्यतीत धावला नाही. पैदाशीसाठी ठेवला, तर प्रजननक्षमताच कमी निघाली. त्याच्यामागे मोजकीच पिल्ले राहिली.

८/
तेजीला इंधन केवळ श्रीमंतांच्या ईर्ष्येचे नव्हते. त्यात अमेरिकी करकायद्याचा मोठा वाटा होता. १९८१ च्या कायद्यानुसार घोड्यावर यंत्रसामग्रीप्रमाणे वेगाने घसारा दाखवता येई. डॉक्टर, वकील, व्यापारी अशी मंडळी एखाद्या घोडीत भाग घेत आणि तेथील कागदोपत्री तोटा आपल्या अन्य उत्पन्नातून वजा करत. बँका घोडे तारण ठेवून कर्जे देत होत्या. १९८४ मध्ये कीनलँडच्या जुलै लिलावातील सरासरी किंमत सुमारे ६ लाख डॉलर्सवर गेली.

९/
उतरण १९८५ मध्येच सुरू झाली होती. विक्रमी बोलीच्या त्याच लिलावात सरासरी किंमत आदल्या वर्षापेक्षा कमी होती. एका शिंगराच्या झगमगाटात ती नजरेआड झाली. १९८६ च्या पूर्वार्धात तेलाचा पिंपामागील भाव तिशीच्या जवळून घसरून १० डॉलर्सच्या आसपास आला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी नव्या करसुधारणा कायद्यावर सही केली. कराचा कमाल दर ५० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर येणार होता, आणि ज्या व्यवसायात आपण स्वतः काम करत नाही त्यातील तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर कडक मर्यादा आल्या. करासाठी घोडे पाळणारा वर्ग बाजारातून निघून गेला.

१०/
येथे निसर्गाचे वेळापत्रक आडवे आले. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. १९८४ च्या वसंतात तेजीच्या भरात फळवलेली घोडी १९८५ मध्ये व्याली आणि तिचे शिंगरू विकायला आले १९८६ मध्ये. म्हणजे पैदासकाराने शुल्क भरले तेजीच्या दराने, आणि शिंगरू विकले मंदीच्या दराने. कापड गिरणी मागणी घटताच माग थांबवू शकते. गाभण घोडीला थांबवता येत नाही.

११/
आकडे हेच सांगतात. उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे २८ हजार थरोब्रेड शिंगरांची नोंद होत असे. १९८६ मध्ये ती संख्या ५१,२९६ वर गेली. हा आजवरचा उच्चांक आहे, आणि तो आला नेमका ग्राहक पाठ फिरवत असताना. ही शिंगरे १९८७ मध्ये लिलावात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजारही कोसळला. पुढे जन्मसंख्या उतरत गेली आणि १९९५ पर्यंत ती ३५ हजारांच्या आसपास आली.

१२/
पहिला मोठा बळी ठरला स्पेंडथ्रिफ्ट. ज्या फार्मने घोड्याचे भाग पाडण्याची रीत रुजवली, त्याचे स्वतःचे समभागही तेजीच्या काळात शेअर बाजारात विकले गेले होते. १९८८ मध्ये फार्मने दिवाळखोरी जाहीर केली. लहान पैदासकारांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत. पण फळवणीचे शुल्कही भरून न निघणारे शिंगरू परत घरी न्यायचे, की मिळेल त्या किमतीला सोडायचे, हा प्रश्न त्यांच्यासमोर दर लिलावात उभा राहत होता.

१३/
सर्वांत मोठा धक्का बसला कॅल्युमेट फार्मचा. आठ केंटकी डर्बी विजेते आणि व्हर्लअवे व सायटेशन हे दोन तिहेरी मुकुटधारी घोडे या फार्मचे. त्याचा आर्थिक डोलारा ॲलिडार या एका घोड्यावर उभा होता. नोव्हेंबर १९९० मध्ये ॲलिडारचा मागचा पाय मोडला आणि दोन दिवसांत त्याला दयामरण द्यावे लागले. जुलै १९९१ मध्ये फार्म दिवाळखोरीत गेले. कर्जाचा आकडा १२ कोटी डॉलर्सच्या पुढे होता. फार्मचे प्रमुख जे. टी. लंडी यांना २००० साली बँक-फसवणूक आणि लाचखोरीप्रकरणी दोषी ठरवण्यात आले. मार्च १९९२ मध्ये पांढऱ्या कुंपणांचे ते फार्म लिलावात १ कोटी ७० लाख डॉलर्सना गेले. सात वर्षांपूर्वीच्या त्या एका शिंगराच्या किमतीपेक्षा हा आकडा फारसा मोठा नव्हता.

१४/
आणि सिॲटल डान्सर? त्याला विकत घेतले होते सँगस्टर यांच्याच गटाने. आयर्लंडमध्ये त्याने दोन चांगल्या शर्यती जिंकल्या. पण मिळालेले बक्षीस त्याच्या किमतीच्या दोन टक्केही नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी कीनलँडच्या जुलै लिलावातील सरासरी १९८४ च्या निम्म्याहूनही खाली होती. २००२ नंतर तो जुलै लिलाव बंदच झाला.

१५/
धडा मात्र बाजाराच्या स्मरणात फार काळ टिकला नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, तेव्हा कीनलँडला सप्टेंबरचा लिलाव चालू होता. २००६ मध्ये त्या लिलावाची एकूण उलाढाल सुमारे ४० कोटी डॉलर्स होती; २००९ मध्ये ती १९ कोटींवर आली. २००९ मध्ये विकलेल्या शिंगरांच्या आया फळवल्या होत्या २००७ च्या वसंतात, म्हणजे भाव चढे असताना.

१६/
तेजी-मंदीच्या इतिहासात घर, शेअर आणि सोने यांची उदाहरणे नेहमी दिली जातात. घोडेबाजाराचे उदाहरण वेगळे आहे, कारण येथे मालाला स्वतःचा गर्भकाळ आहे. कायदा एका सहीने बदलतो आणि तेलाचा भाव काही महिन्यांत कोसळतो. पण चढ्या भावाच्या विश्वासावर जन्माला घातलेले जीव त्यानंतरही दोन वर्षे बाजारात येत राहतात. १९८६ च्या त्या ५१ हजार शिंगरांना कोणत्याही करकायद्याची खबर नव्हती. त्यांच्या दाणावैरणीचा खर्च मात्र रोज चालूच होता.

(समाप्त)