धोकटीतला वस्तरा आणि घरचा रेझर

नांदेड-लातूरच्या खेड्यांत दाढी हे घरी करायचे काम नव्हते. ते बलुतेदार न्हाव्याचे. मराठवाड्यात त्याला वारीक असेही म्हणतात. वस्तरा, कात्री, आरसा आणि पाण्याची वाटी धोकटीत घेऊन तो ओट्यावर बसे. मोबदला रोख नसे. सुगीत खळ्यावरून धान्य मिळे. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावणे आणि कातडी ताणून वस्तरा फिरवणे ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याभोवती वसलेल्या केसधारी शिखांना मात्र या धोकटीची गरजच नव्हती.

किंग जिलेट यांच्या सेफ्टी रेझरला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले. दुधारी पाते बोथट झाले की फेकायचे, धार लावणे संपले. न्हाव्याचे कसब गिऱ्हाइकाच्या हाती आले, पण ते शिकावे लागेच. दाढी आधी पाण्याने मऊ करायची, ब्रशने फेस चढवायचा, रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि केसांच्या दिशेने हलकेच ओढायचा. जोर दिला की रक्त ठरलेले; तुरटीचा खडा त्यासाठीच जवळ असे. लागणारे पाणी वाटीभरच, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

सलूनमध्ये वस्तरा टिकला, तो रूप बदलून. एड्सच्या धास्तीनंतर त्यात दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड बसू लागले. म्हणजे जिलेटचे पाते शेवटी वस्तऱ्याच्याच मुठीत शिरले.