बनी इस्राईलचे याजक आणि त्यांची उपजीविका

वाचकहो, जो माणूस आपले आयुष्य समाजाच्या सेवेला वाहतो, त्याच्या घरची चूल कोणी पेटवावी? हा प्रश्न फार जुना आहे. बनी इस्राईलच्या इतिहासात त्याचे एक उत्तर सापडते आणि ते उत्तर कुठे फसले, हेही दिसते.

हजरत मूसा यांचे बंधू हजरत हारून यांच्या वंशाकडे याजकपद होते. हे घराणे लेवीच्या कुळातले. तौरातमधील नियमांप्रमाणे इतर कुळांना स्वतंत्र प्रदेश मिळाले. लेवी कुळाला मात्र ठिकठिकाणी विखुरलेली ४८ नगरे व त्यांभोवतीची गायराने एवढेच मिळाले. याजकांचा उदरनिर्वाह अर्पणांवर ठेवला होता.

याचा हिशेब बारकाईने ठरलेला होता. होमार्पणाचे जनावर पूर्ण जाळले जाई. याजकाला फक्त कातडे मिळे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, छाती व उजवी मांडी याजकाला आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या कुटुंबाला. अन्नार्पणातले मूठभर पीठ जाळून बाकीचे याजक घेत. दर शब्बाथला बदलल्या जाणाऱ्या १२ भाकरीही त्यांच्याच. गरिबाला पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे चालत. तेही नसतील तर थोडे पीठ!

याशिवाय दशमांश होता. समजा, शेतकऱ्याचे धान्य १०० मापे झाले, तर १० मापे लेवींना आणि त्यांतले १ माप याजकांना.

परंतु मित्रहो, नियम कागदावर राहून पोट भरत नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात नहेम्या यरुशलेमला परतला तेव्हा लोकांनी वाटा देणे सोडले होते. लेवी व गायक सेवा टाकून शेतावर राबायला गेले होते. नहेम्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, दशमांश पुन्हा सुरू केला आणि कोठारांवर विश्वासू माणसे नेमली.

पुढे उलटेच घडले. इ. स. ६० च्या सुमाराची हकिकत इतिहासकार जोसिफस सांगतो. बड्या याजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन दशमांश बळजबरीने उचलू लागले आणि त्यावर जगणारे गरीब याजक उपाशी मेले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील बलिदाने थांबली व वेदीवरचा वाटाही संपला.

पालकहो, या इतिहासात दोन दोष दिसतात. एकदा देणाऱ्यांनी हात आखडला आणि सेवा बंद पडली. एकदा बलवानांनी दुबळ्यांचा घास हिरावला, आणि तेही त्यांचेच भाऊबंद होते. विद्यार्थी मित्रहो, समाजाच्या वर्गणीवर चालणारे कोणतेही कार्य पाहाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : देणारा वेळेवर देतो का? आणि दिलेले शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते का?