ज्युलिया भाषेत २^६४ - १ चं उत्तर -१ का येतं?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. एकूण दाणे होतात २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजेच १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हाच हिशेब 'ज्युलिया' या प्रोग्रामिंग भाषेत २^६४ - १ असा लिहिला, तर उत्तर येतं -१. एरर येत नाही, साधा इशाराही मिळत नाही.

ज्युलिया २०१२ मध्ये जगासमोर आली, ती मुख्यतः वैज्ञानिक आकडेमोडीसाठी. मग तिचं गणित चुकतं कसं?

पूर्णांकांचं काय होतं?

आजच्या बहुतेक कॉम्प्युटरवर ज्युलिया साधा पूर्णांक 'इंट६४' या प्रकारात ठेवते. त्यासाठी ६४ बिट्सची ठरलेली जागा असते. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. तिच्यात १ मिळवला, की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा आकडा फिरतो आणि थेट सर्वांत लहान ऋण संख्येवर जातो. याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. २^६४ ला आकडा पूर्ण फिरून शून्यावर येतो. त्यातून १ गेला, की उरतो -१.

प्रत्येक बेरीज तपासत बसलं तर वेग कमी होतो, म्हणून ही तपासणी केली जात नाही. मात्र काही फंक्शन्स ती करतात. उदाहरणार्थ, २१ चं फॅक्टोरियल मागितलं तर ज्युलिया सरळ एरर देते.

यावर उपाय काय?

बिग(२)^६४ - १ असं लिहिलं की ज्युलिया 'बिगइंट' प्रकार वापरते आणि उत्तर अचूक येतं. पण बिग(२^६४) लिहून उपयोग नाही. कंसातला हिशेब आधी होतो, त्यामुळे 'बिग'च्या हाती शून्यच पडतं.

०.१ + ०.२ = ०.३ का नाही?

दशांश संख्यांसाठी 'फ्लोट६४' हा प्रकार असतो. त्यात या बेरजेचं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. आपल्या दशमान पद्धतीत १/३ लिहिताना ०.३३३... कधी संपत नाही. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत १/१० चं तेच होतं. कुठेतरी तोडावंच लागतं आणि किंचित फरक राहतो. हा प्रश्न फक्त ज्युलियाचा नाही, बहुतेक भाषांमध्ये हेच घडतं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं आणि ०.१ ही संख्या २४ बिट्समध्ये तोडून ठेवलेली होती. यंत्रणा सलग सुमारे १०० तास सुरू राहिल्याने फरक साचून ०.३४ सेकंद झाला. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं.

मग कोणता प्रकार कधी वापरायचा?

- उत्तर फार मोठं होऊ शकत असेल, तर सुरुवातीपासूनच बिगइंट.
- अचूक अपूर्णांक हवे असतील, तर दोन तिरप्या रेषा: १//१० + २//१० चं उत्तर बरोबर ३//१० येतं.
- दशांश संख्यांची तुलना करताना == ऐवजी ≈ वापरावं.
- भागाकारात / चं उत्तर नेहमी दशांशात येतं, ६/२ चंही ३.० येतं. फक्त पूर्ण भाग हवा असेल तर ÷ वापरावं: ७ ÷ २ म्हणजे ३.

कॉम्प्युटर सांगितलेल्या प्रकारातच हिशेब करतो. तो प्रकार आपल्या आकड्यांना पुरेल का, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच आधी पाहायला हवं.