प्रक्षेप्य गती (द्विमितीय)

फेकल्यानंतर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली हवेतून जाणाऱ्या वस्तूची उभ्या प्रतलातील गती. अशा वस्तूला प्रक्षेप्य म्हणतात. हवेचा अडथळा नगण्य मानल्यास तिचा मार्ग अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला असतो. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा-उमरगा पट्ट्यात रब्बी ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखण्यासाठी माळ्यावरून, म्हणजे रानातल्या मचाणावरून, गोफण फिरवतात. या गतीचे इतके सुबक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

गोफणीच्या एका दोरीचा फास बोटात अडकवतात, दुसरी दोरी चिमटीत धरतात आणि मधल्या विणलेल्या पट्ट्यात गुंडा, म्हणजे गोटा, ठेवतात. चिमूट सुटताच गुंडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने निघतो. वेग आणि दिशा त्या क्षणीच ठरतात. पुढे माणसाच्या हातात काही उरत नाही.

सुटलेल्या गुंड्याच्या वेगाचे दोन घटक करता येतात. आडव्या दिशेने कोणतेही बल नसल्याने आडवा वेग बदलत नाही. उभा वेग मात्र दर सेकंदाला सुमारे ९.७८ मीटर प्रतिसेकंद इतका बदलत राहतो. लोहाऱ्याचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची धरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य एवढे येते. हे दोन घटक परस्परांत ढवळाढवळ करीत नाहीत, हाच या विषयाचा गाभा. ३ मीटर उंचीच्या माळ्यावरून एक गुंडा नुसता सोडला आणि त्याच क्षणी, त्याच उंचीवरून दुसरा अगदी आडवा भिरकावला, तर सपाट रानात दोन्ही सुमारे ०.७८ सेकंदातच जमिनीला टेकतील.

जमिनीलगत सोडलेल्या गुंड्याचा पल्ला काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला प्रक्षेपकोनाच्या दुपटीच्या साइनने गुणून गुरुत्वत्वरणाने भागतात. वेग २० मीटर प्रतिसेकंद असेल, तर ४५ अंशांना पल्ला सुमारे ४१ मीटर येतो, जो त्या वेगाला सर्वाधिक आहे. ३० आणि ६० अंशांना तो सारखाच, सुमारे ३५ मीटर भरतो. वेग दुप्पट केला की पल्ला चौपट होतो. ३ मीटरच्या माळ्यावरून फेकल्यास सर्वोत्तम कोन ४३ अंशांवर येतो आणि पल्ला जवळपास ४४ मीटर होतो. माळ्यामुळे रान नजरेत येते, शिवाय पल्ल्यात ३ मीटरांची भर पडते.

नेम साधणे मात्र कठीण. खांद्यापासून गुंड्यापर्यंतचे अंतर १ मीटर धरले, तर २० मीटर प्रतिसेकंद वेगासाठी गोफण सेकंदात तीनहून अधिक फेरे घेते. चिमूट सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी चुकली तरी दिशा ११ अंशांहून अधिक फिरते. गोफण उभ्या प्रतलात फिरवली असल्यास ही चूक खपून जाते, कारण ४५ अंशांच्या आसपास पल्ला फार बदलत नाही; ३४ अंशांनाही तो ३८ मीटर राहतो. डोक्यावरून आडवी फिरवली, तर तीच चूक ४० मीटरांवर गुंडा सुमारे ८ मीटर बाजूला नेते. सरावलेल्या राखणदाराचे कसब कोन निवडण्यापेक्षा चिमूट सोडण्याच्या क्षणात अधिक आहे.

सर्वाधिक पल्ला ४५ अंशांना मिळतो हे इटालियन गणिती तार्तालिया याने १५३७ मध्ये मांडले. मार्ग अन्वस्त असतो हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सिद्ध केले. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ या दोन वर्षांच्या मधली: १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे धाराशिव जिल्ह्यातीलच परांडा किल्ल्यावर असलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेलेली. म्हणजे ती परांड्याहून हलली तेव्हाही गॅलिलिओचा हा ग्रंथ छापून आलेला नव्हता.

तोफगोळ्यासारख्या अतिवेगवान वस्तूला वरील सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. पल्ला घटतो, मार्गाची उतरती बाजू चढत्या बाजूपेक्षा अधिक उभी होते आणि सर्वोत्तम कोन बहुधा ४५ अंशांच्या खाली येतो. गोफणगुंड्याच्या बाबतीत हा परिणाम बराच सौम्य असला तरी प्रत्यक्ष पल्ला सूत्रापेक्षा काही मीटरांनी कमीच भरतो.