पाटी कधीही झाकू नये

१४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी एक फर्मान काढलं. शहरात मोटार चालवायची असेल तर तिच्यावर धातूची पाटी हवी आणि त्या पाटीवर मालकाचं नाव, पत्ता व परवान्याचा क्रमांक स्वच्छ वाचता यायला हवा. पाटी गाडीच्या डाव्या अंगाला लावायची आणि ती कधीही झाकलेली असता कामा नये. नंबरप्लेटचा इतिहास सांगणारे बहुधा इथूनच सुरुवात करतात. पाटी सक्तीची केली की ती झाकणाराही कुणीतरी निघणार, हे पोलिसांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत पाटीचा जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या ना कुणाच्या चलाखीला दिलेलं उत्तर आहे.

इंग्लंडमध्ये हा मामला देवघेवीचा झाला. १९०३च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवरून २० मैलांवर नेली आणि त्याच कायद्याने प्रत्येक गाडीला नोंदणी क्रमांकाची सक्ती केली. वेगात जा, पण पळून जाऊ नका, असा सौदा. १ जानेवारी १९०४ पासून तो लागू झाला. आणि ज्या नंबराने मालकाला पकडायचं, तोच मिरवायची हौसही तिथेच सुरू झाली. लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक मिळवण्यासाठी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले भाऊ अर्ल रसेल रात्रभर रांगेत उभे राहिले होते, असं सांगतात.

भारतात १९३९च्या मोटार वाहन कायद्याने प्रांतांना अक्षरं वाटून दिली. मुंबईच्या गाड्यांवर बीएम आणि पुढे एमआर, एमएम यांनी सुरू होणारी तीन अक्षरं आली, गोव्यात जीडीने सुरू होणारी. जुन्या हिंदी सिनेमातली गाडी मुंबईची की बाहेरची, हे जाणकार आजही त्या अक्षरांवरून ओळखतात. पण सामान्य माणसाला त्यातून गाव कळायचं नाही.

ते कळायला लागलं १९८८च्या नव्या कायद्याने. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि राज्य, कार्यालय, मालिका, क्रमांक अशी आजची मांडणी रुळली. महाराष्ट्राचे आकडे टेबलावर नकाशा पसरून दिल्यासारखे आहेत. एमएच-०१ ते ०३ मुंबई, ०४ ठाणे, मग किनाऱ्याने खाली रायगड, सिंधुदुर्ग आणि ०८ रत्नागिरी. तिथून घाट चढून ०९ कोल्हापूर, मग उत्तरेकडे सांगली, सातारा आणि १२ पुणे. १५ला नाशिक, २०ला औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, २७ला अमरावती, ३१ला नागपूर. कोकण विभाग, पुणे विभाग, नाशिक विभाग अशी महसुली चाकोरी त्यात सरळ दिसते.

३६पर्यंत, म्हणजे भंडाऱ्यापर्यंत, हिशोब जुळतो. पुढे जिल्हे फुटले तसे आकडे शेपटाला जोडले गेले. अकोल्याचा एमएच-३०, पण त्यातूनच १९९८ साली वेगळ्या झालेल्या वाशिमचा एमएच-३७. हिंगोली ३८, नंदुरबार ३९. त्यानंतर जिल्ह्याचंही बंधन राहिलं नाही. मालेगाव ४१, बारामती ४२, अकलूज ४५, कराड ५०. ‘बारा पासिंग’ची गाडी म्हटली की पुणेरी, हे समीकरण मात्र इतकं पक्कं झालं की हायवेवर कुणी आडवीतिडवी गाडी घातली, तर लोक आधी पाटी बघतात आणि मग शेरा मारतात.

मालिकेच्या अक्षरांत आय आणि ओ नसतात, कारण घाईत ते एक आणि शून्य वाटतात. उरलेल्या २४ अक्षरांच्या जोड्या होतात ५७६ आणि एका जोडीत ९,९९९ गाड्या. म्हणजे गणिताने एका कार्यालयाला ५७ लाखांहून अधिक नंबर पुरतात.

वाचण्यात चूक होऊ नये म्हणून नियम इतका बारकाईने केलेला. चारचाकीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, त्याची जाडी १० मिलिमीटर, दोन अक्षरांमध्ये अंतर १० मिलिमीटर. लिपी इंग्रजी. पण पेंटरच्या हातात ब्रश आणि मालकाच्या डोक्यात हौस असल्यावर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. इंग्रजी चारला थोडा बाक दिला, एकावर शिरोरेघ ओढली, की ४१४१चा ‘दादा’ होतो. २१४चा ‘राम’, ४९१२चा ‘पवार’ आणि ८०५५चा इंग्रजी ‘बॉस’. सिग्नलवरच्या हवालदाराला नंबर टिपायचा असतो आणि समोर दिसतं आडनाव.

रंगांचाही खेळ आहे. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं ही पूर्वी खासगी गाडीची खूण होती, पांढरी पाटी भाड्याच्या गाडीला असे. २००१च्या सुमारास हे उलटलं. खासगीला पांढरी, प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पिवळी पाटी आली. २०१८मध्ये विजेवरच्या गाड्यांना हिरवी मिळाली. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की गाडी स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली. गोव्यात पर्यटकांच्या दुचाक्यांवर ती पावलोपावली दिसते.

रंगकाम नियमाबाहेर गेलं तर दंड होतो. पण चोरीच्या गाडीला दुसऱ्याच गाडीचा नंबर लावला, तर चलनही त्या दुसऱ्याच्याच घरी जातं. यावरचं उत्तर म्हणजे एचएसआरपी, अर्थात हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. २००१ साली नियमात आलेली ही पाटी देशभरातल्या नव्या गाड्यांना सक्तीची व्हायला १ एप्रिल २०१९ उजाडलं. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर उठावाची अक्षरं, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक, आणि एकदा बसवलं की मोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांसाठी दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला. मुदत पहिल्यांदा मार्च २०२५ची होती. ती वाढत वाढत वर्षअखेरपर्यंत गेली.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. एरवी दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बीएचला ते लागत नाही आणि करही दोन-दोन वर्षांचा भरता येतो. सरकारी नोकर, सैनिक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच ती मिळते.

मिरवण्याची हौस मात्र सरकारने मोडून काढली नाही, तिच्यावर भाव लावला. महाराष्ट्रात २०२४च्या दरपत्रकानुसार चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख रुपये, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६ लाख. चालू मालिकेबाहेरून हवा असेल तर तिथे तिप्पट, म्हणजे १८ लाख. एकाच नंबरावर दोघांचा डोळा असला तर बंद पाकिटात धनाकर्ष मागवतात. ज्याची रक्कम मोठी, नंबर त्याचा. मग त्या १८ लाखांच्या नंबरालाही तीच एचएसआरपी लागते, ६५ मिलिमीटरच्या त्याच अक्षरांची.