खिळामुद्रण : पुनरुज्जीवन

शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे सुटे खिळे जुळवून, त्यांच्या उठावदार तोंडावर शाई फिरवून कागदावर दाबण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरात आणण्याची चळवळ. मराठीत या पद्धतीचे वैभव मुंबईत दिसले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे (1869) अक्षरवळण देशभर नावाजले गेले. जोडाक्षरे, काना, मात्रा आणि वेलांट्या यांमुळे देवनागरीची केस (खिळे ठेवायची खणांची पेटी) रोमनपेक्षा कितीतरी जास्त घरांची असे. कंपोझिटर हे सारे हाताच्या सवयीने आणि उलटे वाचत जुळवी. ऑफसेट आणि संगणकीय जुळणी आली, तसे मणामणांनी खिळे भंगारात गेले.

पाश्चात्त्य देशांत 1990 नंतर लग्नपत्रिकांच्या निमित्ताने हे तंत्र परतले. तिथे आता बहुधा खिळ्यांऐवजी प्रकाशसंवेदी प्लास्टिकचे ठसे वापरतात आणि कागदात खोल रुतलेली छाप मिरवतात. जुना मुद्रक अशा छपाईला कच्चे काम म्हणे!

आपल्याकडे वऱ्हाडातल्या चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी ट्रेडलचे, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या छापयंत्राचे, काम म्हणजे लग्नपत्रिका, हँडबिले, अडत्यांची पावतीपुस्तके. छोट्या छापखान्यांत ट्रेडल आजही पावत्यांवर क्रमांक टाकायला आणि छिद्ररेषा मारायला उपयोगी पडते. हे मात्र पुनरुज्जीवन नव्हे. यंत्र चालते म्हणून ठेवलेले आहे, इतकेच. देवनागरी खिळे नव्याने ओतले जात नाहीत, तोवर मराठीतील पुनरुज्जीवन अपुरेच म्हणावे लागेल.